ताब्यातला कुत्रा

पासष्ट सालची लढाई सुरू झाली आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या सुभेदार रत्नाकररावांना ताबडतोब निघायचा हुकूम आला. एकटा माणूस, सोबतीला फक्त राजा नावाचा कुत्रा. ट्रंक रिक्षात ठेवली आणि भानुमतीच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "वहिनी, राजाला दोन-चार दिवस बघा. मी कोणाला तरी पाठवतो." ते गेले. कोणी आलं नाही. राजा मात्र संध्याकाळी तिच्या पायरीवर येऊन बसला, आणि तिनं त्याला पोळी घातली.

तिचा नवरा मुरलीधर खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. लढाईमुळे शिफ्टवर शिफ्ट चालली होती. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. कुत्र्याबद्दल त्यानं एकदाच विचारलं, "हा अजून इथंच काहून?" आणि उत्तर ऐकायच्या आत त्याचा डोळा लागला.

मग एका सकाळी तुळशीराम आला. क्वार्टरच्या कुंपणापलीकडच्या गावात त्याचं थोडं शेत आणि बकऱ्या. त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेली बकरी होती, मागच्या पायाचं मांस उघडं पडलेलं.

"बाई, हिला चावला तो कुत्रा तुमचाच ना?"

"आमचा नाही हो. सुभेदारसाहेबांचा आहे. ते गेले फ्रंटवर."

"मग मी तिकडं जाऊ काय विचारायला?"

कुत्रा भानुमतीचा नव्हता, हे खरंच होतं. पण तो त्या वेळी तिच्याच पायाशी बसून तिच्याच घरची भाकरी खाऊन राहिला होता. शेवटी ती पदर खोचून म्हणाली, "चला तुळशीरामभाऊ, चौकीवर विचारू. मलाही कळू दे."

चौकीतल्या हवालदारानं दोघांचं ऐकून घेतलं.

"खाना कौन देता है?"

"मैं देती हूँ।"

"रहता कहाँ है?"

"हमारे यहाँ।"

"तो जिम्मेदारी आपकी हुई, बहनजी. मालिक कोई भी हो, जिसके कब्जे में जानवर है, सँभालना उसी को है।" मग जरा थांबून म्हणाला, "कल तक आपको मालूम नहीं था. अब मालूम है. अब छोड़ा तो लापरवाही मानी जाएगी।"

परतताना तिला वाटलं, आपण विचारायला गेलो नसतो तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं, तरी ती बकरी तर जखमी झालीच असती. बकरीला जनावरांच्या दवाखान्यात टाके पडले. भानुमती सोबत गेली. घरी आल्यावर तिनं राजाला पेरूच्या झाडाला साखळीनं बांधलं. तो रडत बसला. ती पण त्याच्याजवळ बसली. "मी तुझी कोण रे?" तिनं विचारलं. त्यानं नुसती शेपटी हलवली.

मग भोंग्याची तालीम आली. विमान आलं तर काय करायचं, त्याची. दुपारी भोंगा वाजला तशी शेजारणी आडोशाला धावल्या, आणि राजा घाबरून असा उधळला की साखळीची कडी झाडावरून निसटली. साखळी फरफटत तो कुंपणाखालून पलीकडे गेला.

भानुमती आडोशाला गेली नाही. ती त्याच्यामागं धावली.

शेताच्या बांधाशी पोहोचली तेव्हा धूळ होती, बकऱ्यांचा कालवा होता आणि तीन कुत्रे. दोन गावातले मोकाट. तिसरा राजा. ते दोघे तिला पाहून पळाले. एक करडी बकरी मरून पडली होती. राजा तिच्याजवळ धापा टाकत उभा होता. तोंडाला रक्त, आणि त्याचा स्वतःचाही कान फाटलेला.

तुळशीराम चरातून उठला. भोंगा वाजताच पडून राहायचं, असं गावात सांगितलं होतं, म्हणून तो पडून राहिला होता. त्याच्या हातात उगारलेली काठी होती.

"यानंच मारली?"

भानुमतीनं राजाची साखळी धरली. तो बकरी मारायला आला होता की त्या दोघांशी भांडला होता? कान त्यांनी फाडला असेल तर तो भांडलाच असेल. पण तिघांची शिकारीवरूनही जुंपली असू शकते. ती आधी एक सांगायला गेली, मग दुसरं.

"भाऊ, मला नाही दिसलं. तुम्ही पाहिलं काय?"

"मी तर तोंड मातीत घालून होतो."

काठी अजून वरच होती.

"पण सुटला माझ्याकडून," भानुमती म्हणाली. "कडी मी नीट पाहिली नव्हती. त्यानं मारली असो की नसो, बकरी मी भरून देते. याला मारू नका."

तुळशीरामनं काठी खाली घेतली. तो रागावलेला नव्हे, फार गोंधळलेला दिसला. त्याला भांडायचं होतं, आणि समोरची बाई भांडतच नव्हती.

मुरलीधर मात्र चिडला. "ज्याचा कुत्रा त्यानं निस्तरावं! आपण काय म्हणून?"

"कारण ज्याचा तो इथं नाही. आणि मी आहे."

"अन् यानं मारलीच नसेल तर?"

"तर मग काय, मलाही कळून नाही राहिलं," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. पुढच्या सुट्टीला मुरलीधर स्वतः गढ्याच्या जनावरांच्या बाजारात जाऊन एक गाभण बकरी घेऊन आला, आणि राजाला बांधायला झाडाऐवजी अंगणात लोखंडी खुंटा ठोकला.

बकरी पोहोचवायला भानुमती गेली तेव्हा तुळशीराम गोठ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत होता. राजाला घरी एकटं ठेवायची तिची हिंमत नव्हती, म्हणून सोबत आणला होता. तुळशीराम म्हणाला, "आणा त्याला जवळ. बकऱ्या काय करतात ते पाहू."

तिनं त्याला दोन पावलं पुढं नेलं. टाके पडलेली बकरी बें बें करत मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. पण मेलेल्या बकरीचं पिल्लू सरळ काट्यांपाशी आलं आणि राजाकडे बघत उभं राहिलं, जराही न भिता.

"आता सांगा, कोणाचं खरं मानायचं?" तुळशीराम म्हणाला.

"तुम्हीच सांगा, भाऊ."

त्यानं काट्यांचा पुढचा भारा उचलला. भानुमतीनं राजाच्या साखळीचा मनगटाला आणखी एक वेढा घातला आणि मोकळ्या हातानं त्या भाऱ्याचं दुसरं टोक धरलं.