दगडोबानं धरलेला थर्माकोल

“दस्तगीरभाई, मी मेलो का हो?”

सकाळी साडेनऊला, चहाच्या आधी, कुणी असं विचारलं तर भल्या माणसानं उत्तराची घाई करू नये. दस्तगीरभाईंनी आधी चष्मा पुसला, मग दगडोबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्यावर टोपी, हातात वर्तमानपत्र, गालात तंबाखू. मेलेली माणसं दस्तगीरभाईंनी चाळीस वर्षं जवळून पाहिली होती. त्यांत तंबाखू खाणारं एकही नव्हतं.

“अजून तर न्हाई,” ते म्हणाले. “बसा.”

हिंगोलीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत आता पुढच्या अर्ध्या भागात त्यांचा मुलगा अफरोज मोबाइलची कव्हरं विकतो, आणि मागच्या अर्ध्या भागात दस्तगीरभाई बसतात, कारण ते विकले जात नाहीत. एके काळी त्यांची खासियत होती मयताचा फोटो. कुणी वारलं की घरचे घोळक्यातला एखादा जुना फोटो आणायचे. दस्तगीरभाई त्यातून मुंडकं कात्रीनं अलगद सोडवायचे, खाली कोट चिकटवायचे, ब्रशनं सांधा बुजवायचे आणि कपाळावर गंध काढायचे. कोट एकच होता. त्यामुळं शिरड शहापूरपासून पुसेगावपर्यंत दोन पिढ्यांची मयत मंडळी आजही भिंतीवरून त्या एकाच कोटात खाली बघतात. बांधावरून हयातभर कोर्टात भांडलेल्या दोघा भावांनीही मेल्यावर तो कोट बिनतक्रार वाटून घेतला.

दगडोबानं चार दिवसांपूर्वीचा पेपर उलगडला. छायाचित्र स्पर्धेची बातमी होती. मधोमध फोटो: पडक्या भिंतीला हात टेकून एक बाई उभी. कपाळ मोकळं, गळा मोकळा, मनगट मोकळं. मागं वाळकं झाड, झाडावर कावळा. डोळ्यांत अशी व्यथा की बघणाऱ्यानं खिशातला रुमाल चाचपावा. खाली नाव: ‘उरलेली’. छायाचित्रकार: रुद्र.

बाई दगडोबाची बायको होती. सुमनबाई.

“हे कधी काढलं?”

“दिवाळीमागं आलतं ते पोरगं पुण्याहून. म्हणलं, खेड्यातलं जीवन टिपून राहिलो. हिला म्हणलं, मावशी, बांगड्या काढा. ही म्हणली, ते जमायचं न्हाई. तर म्हणलं, राहू द्या, मी नंतर बघतो.” दगडोबानं तंबाखू दुसऱ्या गालात सारली. “आता बघितलं त्यानं.”

“आन् तुमी कुठं होता?”

दगडोबानं टोपी सारखी केली. “म्या थर्माकोल धरला होता.”

“काय धरलं होतं?”

“पांढरा थर्माकोल हो, मोठा. तोंडावर उजेड पाडायला. ते म्हणलं, काका, थोडं वर, थोडं डावीकडं. अर्धा तास धरला. खांदा भरून आला माझा.”

दस्तगीरभाईंनी पेपर डोळ्यांजवळ नेला. स्वतःच्या मरणाला इतक्या मनापासून मदत केलेला माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

“आन् डोळ्यांत एवढं दुःख कशाचं?”

“दूध चुलीवर होतं ना तिचं.”

एवढंच असतं तर चहा पिऊन दोघं हसले असते. पण रविवारी दगडोबाच्या धाकट्या भावाच्या पोरीची, प्रतिक्षाची, हळद होती. पाच सवाष्णी जात्यावर हळद दळतात, आणि त्यात खुंट्याला पहिला हात लावायचा तो सुमनबाईनं, हे शिरड शहापुरात ठरलेलं. बावीस लग्नांत पहिला हात तिचा. तिच्या हाताचं लग्न मोडत नाही, असं बाया म्हणायच्या. सुमनबाईला दुसरं कशाचं कौतुक कुणी केलं नव्हतं, तिनंही मागितलं नव्हतं. हे एवढं मात्र तिचं होतं.

“आता धाकली म्हणून राहिली, बघू,” दगडोबा म्हणाला. धाकली म्हणजे नवरीची आई, निता. “म्या म्हणलं, अगं बघू काय, मी समोर उभा हाय तुझ्या! ती म्हणली, दादा, तुमी हाव हो, पण पेपरात आलं ना. लोकं शंका काढतेत. लेकराच्या लग्नात शंका कशाला?”

चार दिवसांपासून दगडोबा बायकोबरोबर सगळीकडं जात होता. पिठाच्या गिरणीत, देवळात, कुणाच्या बारशाला. दारात उभं राहून मोठ्यानं खोकायचा. आधार कार्ड दाखवावं तसा.

“दस्तगीरभाई, तुमचं आयुष्य ह्याच कामात गेलं. चला माझ्यासंग त्या स्पर्धेच्या प्रदर्शनाला, तिथं पेपरवाले येतेत. चार लोकांत सांगा की हे खोटं हाय. ते छापून आलं की धाकलीचं तोंड बंद होईल.”

दस्तगीरभाईंनी खणातून भिंग काढलं.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर आदल्या लग्नाची कमान तशीच होती, ‘सुस्वागतम्’ कलेलाही चालून गेलं. ‘उरलेली’ समोरच्या भिंतीवर, दारापेक्षा मोठी, वर स्वतंत्र दिवा. रुद्र तिथंच होता. लांब केस, खादीचा झब्बा, आवाज मृदू. सुमनबाईचा नवरा म्हणून दगडोबाची ओळख करून दिल्यावर त्यानं हात जोडले. “काका! तुमच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं.”

“ते दिसूनच राहिलं,” दगडोबा म्हणाला.

दस्तगीरभाई फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. हात मागं, मान वाकडी. मग शांतपणे, गिऱ्हाइकाला पावती समजावून सांगावी तसं, बोलायला लागले.

“बाईच्या अंगावर ऊन उजवीकडून. झाडाच्या अंगावर डावीकडून. म्हणजे शिरड शहापुरात त्या दिवशी दोन सूर्य होते. असतील, मी गेलो नव्हतो. हे झाड तिथलं न्हाई, सुमनवहिनींच्या दारी लिंब हाय, हिरवागार. कावळा तर उडायच्या तयारीत हाय, म्हणजे त्यालापण पटलेलं न्हाई. आन् इथं बघा, मनगटावरच्या बांगड्या पुसल्या, पण भिंतीवर त्यांची सावली राहिली. एक, दोन, तीन... सहा. पुसायची तर बराबर पुसावी, बेटा.”

लोक जमले. बातमीदारही आला. रुद्र हसला.

“काका, ही बातमी नाही, कलाकृती आहे. मला या बाईंचं आयुष्य सांगायचंच नाही. मला एकटेपण सांगायचंय. आणि मी ऐकलंय, तुम्हीसुद्धा लोकांना कोट चिकटवायचात.”

हा घाव बरोबर बसला. दस्तगीरभाईंनी तो नाकारला नाही.

“चिकटवायचो. मेलेल्याला कोट घातला, घरच्यांनी सांगितला म्हणून घातला. पण जित्या माणसाला मयत मी कधी केलं न्हाई. त्याची ऑर्डरच आली न्हाई कधी.”

लोक हसले. दस्तगीरभाईंना वाटलं, आता जमलं. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं भिंग फोटोतल्या डोळ्यांवर गेलं, आणि ते उडालेच.

“दगडोबा, इकडं या. हे बघा. तुमी हितं हाव!”

बुबुळात एक पांढरा चौकोन चमकत होता. चौकोनाच्या वर टोपी. खाली दोन पाय, वाकड्या गुडघ्यांचे. थर्माकोल धरून उभा असलेला दगडोबा, नखाएवढा, पण साक्षात.

“सगळं पुसलं पोरानं,” दस्तगीरभाई जमलेल्या लोकांना म्हणाले. “कुंकू पुसलं, मंगळसूत्र पुसलं. पण नवरा डोळ्यांत राहिला. हा जिता माणूस, आन् हा त्याचा पुरावा. लिहा साहेब.”

बातमीदार लिहू लागला. तेवढ्यात मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई पुढं झाल्या. त्यांनी भिंग घेतलं, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माय गॉड, रुद्र. गेलेला नवरा... तिच्या डोळ्यांत! आणि नसलेल्या बांगड्यांची सावली! हे मी काल पाहिलंच नव्हतं.”

रुद्रनंही पाहिलं नव्हतं. पण तो पटकन खाली बघून म्हणाला, “मला ते सांगायचं नव्हतं, मॅडम. ज्याला दिसेल त्याला दिसेल.”

“अहो पण तो गेला कुठं? हा काय उभा हाय!” दस्तगीरभाईंनी दगडोबाला दंडाला धरून पुढं केलं. दगडोबा खोकला.

बाईंनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. “मॉडेल पण किती साधा आहे,” त्या म्हणाल्या.

तिसरं बक्षीस मिळणार होतं म्हणे. पहिलं मिळालं.

शुक्रवारच्या पेपरात सुमनबाईचा डोळा तीन कॉलम छापून आला. बुबुळाभोवती लाल गोल, आणि मथळा: ‘मृत पती अजूनही डोळ्यांत!’ तोवर गावातले लोक म्हणत होते, बाई सुमनबाईसारखी दिसते. आता टोपी ओळखू आली. गुडघे ओळखू आले. मेलेला कोण, हे नक्की झालं. बातमीच्या शेवटी ‘ज्येष्ठ छायाचित्रकार दस्तगीर यांनी ही बाब निदर्शनास आणून दिली’ असंही होतं. अफरोजनं ते कापून काउंटरच्या काचेखाली लावलं. दस्तगीरभाईंनी दुपारी ते काढलं.

रविवारी ते हळदीला गेले. न जाण्यासारखा घरोबा नव्हता. मांडवात जातं मांडलेलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधलेली. सुमनबाई सकाळपासून आलेली होती. हिरवी साडी, आठाण्याएवढं कुंकू, आणि दोन्ही हातांत इतक्या बांगड्या की हात हलवला की मांडव वळून बघायचा. दगडोबा जात्यापासून दोन हातांवर उभा राहून खोकत होता.

निता हळकुंडाचं ताट घेऊन आली. सगळ्यांकडं बघितलं, सुमनबाई सोडून.

“आक्का, तुमी बसा निवांत. गुडघे दुखतेत तुमचे.”

सुमनबाईचे गुडघे कधी दुखले नव्हते. दुखत होते ते दगडोबाचे, आणि तेही पेपरात आले होते.

“पारुबाई, या तुमी. लावा हात.”

पारुबाई आली. आणखी चौघी आल्या. जातं फिरलं, ओव्या सुरू झाल्या. ओवी सुमनबाईला सगळ्यांत जास्त पाठ होती. ती पुटपुटली नाही. दस्तगीरभाई तिच्याकडं बघू शकेनात, म्हणून त्यांनी मांडवाच्या कापडाकडं बघितलं.

दळून झाल्यावर निताला काय वाटलं कोण जाणे. वाईट बाई नव्हती ती. लेकीच्या लग्नात भ्यालेली होती, इतकंच. तिनं लग्नाच्या फोटोवाल्याला हाक मारली.

“संतोषभाऊ, पहिला हात आमच्या आक्काचाच असतो बरं का. अल्बमात त्यांचाच हात पाहिजे. बसवता येतंय ना काँप्युटरवर?”

“दोन मिन्टाचं काम,” संतोष म्हणाला. “आक्का, हात असा धरा फक्त. खाली काही नसलं तरी चालतंय.”

सुमनबाईनं हात पुढं केला नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं दस्तगीरभाईंकडं सरळ पाहिलं. रागानं नाही.

“नगं बाई,” ती निताला म्हणाली. “दस्तगीरभाऊ भिंग घेऊन बसतेत मग.”

बाया खळखळून हसल्या. दस्तगीरभाईही हसले, दुसरं काही करता येईना.

“चुलीवर दूध हाय,” म्हणून ती उठली आणि मागच्या दारानं गेली. चुलीवर दूध नव्हतं. चहा कधीच होऊन गेला होता. दगडोबा सवयीनं तिच्यामागं निघाला, दारात थांबला, आणि या खेपेला खोकला नाही.