कुवेतचा वाल

जलील कुवेतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने ट्रंकेतून एक मोजा काढला आणि बायकोच्या ओंजळीत रिकामा केला. वालासारखंच बी, पण अंगठ्याच्या पेराएवढं. तिकडे लोक हेच उकडून न्याहारीला खातात, म्हणाला. तो परत गेल्यावर मासूमाने परसात, पावट्याच्या मांडवाशेजारी, वाफा करून ते लावलं. पोलादपूर रस्त्यालगतच्या त्या मोहल्ल्यात असला वाल कुणी पाहिला नव्हता. मांडवावर न चढता झाडं ताठ उभी राहिली आणि जानेवारीत जाडजूड शेंगांनी लगडली.

सासरे इस्माईल दुपारभर परसातच खाट टाकून बसत. पहिल्या शेंगा मासूमाने त्यांनाच सोलून दिल्या. कोवळे दाणे त्यांनी कच्चेच खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून घेतले.

त्यानंतर दोन दिवसांनी म्हातारा अंथरुणातून उठेना. अंगात कणकण, डोळे हळदीसारखे पिवळे आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी. सासू रहिमा म्हणाली, कावीळ हाय, उतरवणाऱ्याला बोलवू. टोपलीत उरलेल्या शेंगा तिने कुणी बघायच्या आत उकिरड्यात गाडल्या. नवरा परमुलखात, चूल तिच्या हातात. सुनेने सासऱ्याला काय घातलं, हे विचारायला लोकांना कितीसा वेळ लागणार? आणि तिच्या दोन्ही मुलींनीही त्यातले दाणे खाल्ले होते. तिने त्यांना दारात ओढून नेलं, पापण्या खाली करून उजेडात पाहिलं. डोळे पांढरे होते. अजून तरी.

दुपारी शेजारच्या गोमाजींनी विटांच्या ट्रकमधून सगळ्यांना महाडला पोचवलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि वेगळं काही खाण्यात आलं का, असं विचारलं. रहिमा म्हणाली, भाकरी-कालवणाशिवाय काय नाय. मासूमाने मुलींना जवळ ओढून घेतलं. थंडी वाजून ताप येतो का, हेही त्यांनी विचारलं आणि हिवतापाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

आता सासरे गेले तरी शेंगांचं कुणाला कळायचं नाही, असं तिच्या मनात आलं. ती टेबलापाशी पुढे सरली.

"शेंगा खाल्ल्या त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या हातच्या. कुवेतचा वाल, कच्चा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी रहिमाला विचारलं, यांना पूर्वी कधी हिवतापाच्या गोळ्या बाधल्या होत्या का? रहिमाला आठवलं. बोटीवर नोकरीला असताना त्या घेतल्या आणि असाच काळा मुतला, मरता मरता वाचला.

"काही जणांच्या रक्ताला हा वाल चालत नाही, आणि या गोळ्याही चालत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्ही बोलला नसता तर मीच यांना मारलं असतं." त्यांनी चिठ्ठी फाडली. सलाइन लावलं. रक्त आणखी उतरलं तर मुंबईला न्यावं लागेल, म्हणाले.

दोन दिवस मासूमा लघवीचं भांडं उजेडात धरून रंग बघत होती. तिसऱ्या दिवशी तो निवळला. इस्माईलने पेज मागितली. रहिमा तिला एक शब्दही टाकून बोलली नाही, उलट पदराने तिचं तोंड पुसलं.

घरी आल्यावर मासूमाने सगळी झाडं मुळासकट उपटून जाळली. पण हा दोष घराण्यात उतरतो, असंही डॉक्टर बोलून गेले होते. रमजान आला, गेला, तरी मुली उठल्या की ती त्यांना आधी दारात, उजेडात उभं करायची.