उतारावरची दोरी

पुंजारामनं शेवटचं पोतं मांडीवर घेतलं, मांडीवरून खांद्यावर, आणि तिथून हातगाडीवर ढकललं. सरकीच्या ढेपेचं पोतं. उन्हानं तेल सुटून बारदान हाताला चिकटत होतं. गाडीवर पोत्यांची भिंतच उभी राहिली, पुढं दांडीत उभ्या माणसाला मागचं माणूस दिसू नये एवढी.

मागं त्याची बायको जयवंता होती. मागच्या आडव्या लाकडाला दोरी बांधत होती.

गोदामातला हमाल श्याम बाहेर आला, उंबऱ्यावर टेकला.

"तेरवी झाली का जी, पुंजारामभाऊ?"

"झाली काल."

"तुमची चंदी लय हसरी पोरगी होती बा. मले श्यामकाका नाई म्हणे, ढेपकाका म्हणे." त्यानं तोंडातला खर्रा बाजूला थुंकला. "झालं कसं पण?"

"विहिरीवर गेलती पाणी शेंदाले. पाय घसरला."

"पोलिसायनं इचारलं असंन."

"इचारलं. तेच सांगतलं."

मागं दोरीचा आवाज थांबला. मग गाठ आवळल्याचा आवाज आला, एकदा, परत एकदा.

"वयनी काईच बोलून नाई राहिल्या," श्याम हळूच म्हणाला.

"बोलंन," पुंजाराम म्हणाला आणि दांडीत शिरला.

उभी गाडी उभीच राहायला बघते. पहिला पाऊलभर रस्ता सगळ्यात जड. छातीला दांडी लावून, अंगठे रस्त्यात रुतवून माणूस अर्धा आडवा होतो, तरी गाडी ढिम्म. मग एकदम कुठंतरी ती ऐकते. एकदा ऐकलं की मग सपाटीवर फार मागत नाही, आपली आपण चालते. पुंजारामनं जोर लावला, मागून जयवंतानंही लावला, तो त्याला दांडीतून कळला. गाडी हलली.

माल मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात पोचवायचा होता. तिथल्या दुकानाची गल्ली इतकी अरुंद, की माल वाहायचा ऑटोही शिरत नाही. म्हणून तर दोघांच्या हाताला अजून काम होतं. चंदा रांगत होती तेव्हापासून हा रस्ता त्यांचा. तेव्हा तिला पोत्यांवर बसवून न्यायचे. पुढं ती मोठी झाली, तेल्हाऱ्याला दिली. संक्रांतीला माहेरी आली तेव्हा बाही वर करून काळानिळा दंड दाखवला. पुंजारामनं पाहिला, आणि चार दिवसांनी स्वतः नेऊन सोडली.

चौकाआधी गतिरोधक होता. त्याच्यावरचा पांढरा रंग उडालेला. पुंजारामला दिसला तोवर चाक जाऊन थडकलं. गाडी जागेवर थांबली, पण वरची पोती थांबली नाहीत. पुढं कलली, आणि कडेचं एक पोतं घसरून खाली आलं.

जयवंता मागून आली. पोत्याला हात न लावता उभी राहिली. मग खाली वाकली, चाक आणि पोतं यांच्यामध्ये पंजा पसरून ठेवला. अंगठा चाकाला लागला, करंगळी पोत्याला.

"घसरलं का असं पडते," ती म्हणाली. "खेटून."

किती दिवसांनी बोलली होती. पुंजारामनं गमछ्यानं मान पुसली.

"उचल. मांगं गाड्या तुंबून राहिल्या."

"चंदा मधात होती."

"जयवंते, उचल म्हनतो ना."

"विहिरीच्या पार मधात होती. पाणी गुडघाभर नाई. पाय घसरता तं काठाले घासत जाती, भिंतीच्या बुडाशी पडती. भिंतीले तिच्या हाताचा एक ओरखडा नोता." तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा होता. "पोतं फेकलं का मधात पडते. मी पाह्यलं. तुमी माह्या बाजूनंच उभे होते."

मागच्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. "ओ काका, घरी जाऊन भांडा ना. इथी कायले?"

पुंजारामनं पोत्याचे कान धरले. जयवंतानं खालून हात घातला. दोघांनी ते वर चढवलं. ती परत मागं गेली.

चौक ओलांडला की रस्ता नदीकडं उतरतो. उतारावर हातगाडीचा स्वभाव फिरतो. आतापर्यंत ओढावी लागत होती, ती आता माणसाच्या अंगावर येते. पुढचा नुसता टाचांवर किती रेटा घेणार? खरी गाडी मागून धरायची. मागचं माणूस दोरी कमरेला वेढून मागं कलतं, पाय रोवत रोवत येतं. दोरी सुटली तर पुढच्याला दांडीतून निघायला सवड मिळत नाही. भाजीबाजाराच्या उतारावर एकाच्या छातीवरून चाक गेलेलं पुंजारामनं डोळ्यानं पाहिलं होतं.

म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. उताराच्या तोंडाशी तो म्हणायचा, धर. ती म्हणायची, धरलं. मगच पाऊल टाकायचं. भांडण असो, ताप असो, हे चुकलं नव्हतं.

"धर," पुंजाराम म्हणाला.

मागून काही आलं नाही.

त्यानं टाचा रोवल्या. गाडीचं तोंड उताराला लागलं होतं, पोती पाठीला टेकू लागली होती. आता दांडी सोडून मागं बघायला जाता येत नव्हतं. मान वळवली तर नुसती पोती दिसत होती.

"जयवंते. धर."

खाली पूल दिसत होता. पुलाखाली मोर्णेत जलपर्णी माजलेली, पाणी दिसतच नव्हतं.

"मले माहित हाय," तो म्हणाला. समोर बघतच म्हणाला. "मले थ्याच दिवशी समजलं. काठावर उभा राह्यलो अन् समजलं."

मोटरसायकली बाजूनं जात होत्या. मागं ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं आवाज वाढवला.

"ढकललं तिले. नवऱ्यानं ढकललं का सासऱ्यानं, थे नाई माहित. पण ढकललं. मी बोल्लो असतो तं पेपरात आलं असतं, कोरट झालं असतं. धाकटी अजून घरात हाय. तिले कोण करून घेईन मंग? म्हून म्हनलं पाय घसरला." घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. "आता सोडाचं असंन तं सोड."

बराच वेळ गेला. कदाचित नसेलही गेला, पण पाठीवर गाडी तोलणाऱ्याला बराच वाटला.

"धरलं," मागून आवाज आला.

तो उतरायला लागला. दोरी ताठ होती. एका जागी खडीवर त्याची चप्पल सरकली, सगळा भार पाठीवर आला, त्यानं डोळे मिटले, आणि तेवढ्यात मागून ओढ बसली. अशी बसली की गाडी करकरून जागेवर आली. एवढ्या वर्षांत तिनं इतकी चांगली कधी धरली नव्हती. पावलापावलानं गाडी खाली आली, पुलावर आली, आणि सपाटीला आपोआप मंदावून थांबली.

पुंजारामनं दांडी टेकवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास घेत राहिला. समोर जुन्या शहराचा चढ होता.

जयवंता पुढं आली. तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. तिनं ते लुगड्याला पुसले.

"चला," ती म्हणाली.

"हो. जरासा दम घेऊ दे. चढ हाय."

"तेल्हाऱ्याले चला. ठाण्यात. आता जे सांगतलं, थे तिथी सांगा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग चढाकडं.

"माल पोचवू दे आधी. दुकानवाला वाट पाहून राहिला." मग तोच पुढं म्हणाला, "गेली थे गेली, जयवंते. आता सांगून थे वापस येते का? धाकटीचं एकडाव होऊन जाऊ दे. मंग पाहू."

जयवंतानं मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, त्याला कळलं नाही. तिनं पुलाच्या कडेचा एक दगड उचलला आणि चाकाच्या मागं लावला, गाडी उलटी गडगडू नये म्हणून. पदर डोक्यावर ओढला. आणि ज्या उतारावरून आली होती तोच चढून निघाली, बसस्टँडच्या रस्त्यानं.

पुंजाराम तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग दांडीत शिरला. छातीला दांडी लावली, अंगठे रोवले, आडवा झाला. गाडी हलली नाही. परत लावला जोर. गळ्याच्या शिरा फुगल्या, वरची पोती जराशी डुलली, चाक होतं तिथंच.

एका ऑटोवाल्यानं वेग कमी केला, मुंडी बाहेर काढली.

"धक्का देऊ का काका?"

पुंजारामनं मान वर केली नाही.

"नको बापू," तो म्हणाला. "मांगं माणूस हाय."