उरलेला एकच शब्द

अर्धांगवायूचा झटका आला आणि काकांची सगळी भाषा वाहून गेली. राहिला एकच शब्द. तोही कुठला, तर त्यांची काळजी घ्यायला आलेल्या नर्सच्या जातीच्या लोकांना हिणवायला वापरतात तो! नशिबाला ठेवायचाच होता तर एखादा साधा ‘बरं’ ठेवायचा. पण नाही. तहान लागली, तोच शब्द. दिवा लावा, तोच. पाठ दुखली, तोच.

पहिल्या दिवशी तो कानावर पडताच नर्सच्या अंगाचा तिळपापड झाला. काकू धावत आल्या.

“मनावर घेऊ नकोस गं. त्यांच्या मनात काही नसतं. तोंडाला येईल ते येतं.”

“मग नेमकं तेवढंच कसं येतं?”

काकू उशी सारखी करायला लागल्या.

महिनाभर बघू, नाहीतर दुसरं काम धरू, असं तिनं ठरवलं. पण बाई मुळातच भारी चौकस. ती कान देऊन ऐकू लागली. तहानेचा शब्द वर चढायचा, दुखण्याचा मध्येच तुटायचा, आणि तिनं अंग पुसून दिलं की तोच शब्द अगदी मऊ व्हायचा. ते आभार होते, यात शंकाच नव्हती. तिला हसूही यायचं आणि संतापही.

काकांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडमना तिनं दारातच गाठलं. “हाच का उरला हो?”

“नक्की नाही सांगता येत. रागानं, सवयीनं तोंडात बसलेले शब्द कधी कधी मागे राहतात. ऐकलेलं मात्र त्यांना सगळं समजतं. बोलू द्या त्यांना, तोच शब्द का असेना. गप्प बसले तर पुढे फार अवघड जाईल.”

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणत नर्स आत आली.

संध्याकाळी काकांना भरवताना तिनं विचारलंच. “काकू, आता त्यांच्या मनात नसतं, हे कळतं मला. पण मनात असायचं तेव्हा ते हे कुणाला म्हणायचे?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, “घरी कामाला यायची तिला. बरीच वर्षं होती. आम्हाला वाटायचं, तिला चालतं.”

काका ऐकत होते. चमचा ओठांशी आला तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात चिडीचूप. काही हवं असलं की काका चांगल्या हातानं पलंगाचा कठडा वाजवायचे. दुपारी कूस बदलताना जोरात कळ आली, शब्द पार जिभेवर आला, आणि त्यांनी दात आवळून तो गिळला. डोळे भरून आले. माणसाकडे एकच शब्द होता, तोही त्यानं टाकला. नर्सला गलबलून आलं. राग पुरता गेला नव्हता, तरीही.

तिनं खुर्ची जवळ ओढली. “काका, असं तोंड शिवून चालायचं नाही. तो नको ना? मग दुसरा शोधू. माझ्या ओठांकडे बघा. पा…”

काका बघत राहिले. ओठ मिटले, थरथरले, आणि नुसती हवा बाहेर आली.

“चालेल,” ती म्हणाली. “उद्या परत.”