घोडा कोणी धरायचा

काकासाहेब उभ्या आयुष्यात घोड्यावर एकदाच बसले होते. पस्तिशीत, महाबळेश्वरला. घोडेवाल्याने लगाम स्वतःच्या हातातून सोडला नव्हता, तरी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. अशा माणसाने बहात्तराव्या वर्षी दर रविवारी सकाळी अकरा वाजता चिलखत चढवावं, भाला सावरावा आणि शत्रूच्या फळीत घोडा घालावा, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. त्यांनी ते सांगितलंही नव्हतं. सुनेला वाटायचं, वाचक मंडळाची बैठक असते.

खेळ टेबलावरचा होता. पंकजा सावेडीत शिकवण्या घ्यायची. तिच्या वर्गाची खोली रविवारी रिकामी असे, तिथे पाच जण जमत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. पंकजा गोष्ट सांगत जायची, वाटेत दरी आली, किल्ला आला, राक्षस आला, आणि आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

काकासाहेबांना यात ओढलं सचिनने. सचिन नागापूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. पुण्याच्या मित्राकडून त्याने खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि "सर, एवढं मराठीत करून द्या" म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. काकासाहेब कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. सचिन त्यांच्या ग्रंथालयातल्या शिपायाचा, रंभाजीचा मुलगा. शाळा सुटली की वडिलांची ड्युटी संपेपर्यंत वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसून गृहपाठ करणारा.

चार महिने काकासाहेब त्या पुस्तकात बुडून गेले. सरदाराच्या घोड्याची निगा राखणाऱ्या चाकराला 'मोतद्दार' हा जुना शब्द सापडला त्या दिवशी तर त्यांना जेवण सुचलं नाही. भाषांतर झालं, मग मुलांनी त्यांनाही बसवून घेतलं. कोणतं पात्र हवं असं विचारल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "तो घोडेस्वार सरदार चालेल का?"

"सर घोड्यावर?" बियाण्यांचं दुकान चालवणारा गोरक्षनाथ म्हणाला. "आधी घोड्याला विचारा, सर."

सगळे हसले. काकासाहेबही हसले. पण सरदार रणधवल आणि त्याचा घोडा सारंग वर्षभर टिकले.

चूक झाली ती श्रावणातल्या एका रविवारी. रणधवल आणि मंडळी एका पडक्या किल्ल्याच्या तळघरापाशी पोचली होती. "जिना अरुंद आहे," पंकजा म्हणाली. "घोडा आत जाणार नाही. काय करता, सर?"

काकासाहेबांची नजर पुढ्यातल्या कागदावर होती. मान वर न करता त्यांनी डावा हात बाजूला लांब केला आणि म्हणाले, "घोडा धर रे. मी जाऊन येतो."

डाव्या हाताला सचिन बसला होता. सचिनचं पात्रही सरदारच होतं. गेल्या महिन्यातल्या लढाईत त्याचा घोडा मारला गेला होता, म्हणून तो पायी होता इतकंच.

"सर," सचिन म्हणाला, "घोडा मेला म्हणून मी मोतद्दार झालो का?"

पुन्हा सगळे हसले. सचिनही हसला. "घोडा बाहेर बांधतो," काकासाहेब घाईघाईने म्हणाले आणि खेळ पुढे सरकला. पुढच्याच खोलीत रणधवल खड्ड्यात पडता पडता सचिनच्या सरदाराने त्याला दंडाला धरून वर ओढलं. फाशावर अठरा पडले होते.

घरी जाताना रिक्षात काकासाहेबांच्या ध्यानात आलं की उजव्या हाताला पाचवा गडी, कल्याण, बसला होता. कल्याणचं पात्र चोराचं. चोराला घोडा कधी नव्हताच. घोडा धरायला सांगायचं तर त्याला सांगायला हवं होतं. त्याला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि तो हात, ती मान न वळवणं, तो 'रे'. सव्वीस वर्षं ते त्याच हाताने आणि त्याच आवाजात म्हणत आले होते, रंभाजी, पाणी. रंभाजी, ती वरची फाईल. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी सचिन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

"ओव्हरटाइम आहे त्याला," पंकजा म्हणाली. काकासाहेबांना ते पटलं नाही. त्या दिवशी त्यांनी फासा टाकला, पण किती पडले ते दुसऱ्यांनी पाहून सांगितलं.

तिसऱ्या रविवारी ते शिकवणीच्या खोलीकडे वळलेच नाहीत. शेअर रिक्षाने नागापूरला गेले आणि विचारत विचारत रंभाजीच्या घरी पोचले. या घरी ते पहिल्यांदाच येत होते. बोलावणी पुष्कळदा आली होती, सचिनच्या लग्नाचीही. दर वेळी त्यांना काही ना काही काम निघालं होतं.

रंभाजी ओट्यावर पेपर वाचत होता. त्यांना पाहून झटकन उठला, खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची पुसली.

"सायेब, तुमी? निरोप धाडला आसता तर मी आलो आसतो की."

"असू दे रे. बस," काकासाहेब म्हणाले, आणि तो 'रे' पुन्हा त्यांच्या कानाला लागला.

दारातून आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती, खाली सचिनचा आयटीआयचा फोटो. रंभाजीच्या बायकोने, गीताबाईंनी, पाणी आणून दिलं. काकासाहेबांनी पेला हातात धरून ठेवला. रंभाजीच्या हातचं पाणी आपण पितो, ही एके काळी त्यांना स्वतःची मोठी गोष्ट वाटत असे. चार लोकांत त्यांनी ती सांगितलीही होती. पाणी आणणारा मात्र रोज रंभाजीच का, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

"सच्या सांगत हुता, तुमी खेळात घोड्यावर बसता म्हनं," रंभाजी हसत म्हणाला. "मला लई हसू आलं, सायेब. गंथालयाचा जिना उतरताना तुमी कठडा दोनी हातांनी धरायचा."

"अजूनही धरतो," काकासाहेब म्हणाले.

आतून सचिन तोंड पुसत बाहेर आला. काकासाहेबांना पाहून क्षणभर थबकला.

"आन आमचा सच्या काय आसतो वो त्यात?" रंभाजीने विचारलं.

काकासाहेब पेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहिले.

"मी पण घोड्यावरच असतो, बाबा," सचिन म्हणाला. "सर आणि मी बरोबरीनंच असतो."

"बरं हाय की मग," रंभाजी म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

इथे गप्प बसता आलं असतं. चहा आला असता, तो पिऊन उठता आलं असतं. काकासाहेबांना गप्प बसण्याची सवय जन्माची होती. पण तो उजळलेला चेहरा त्यांना पाहवेना.

"नाही रंभाजी," ते म्हणाले. "त्याचा घोडा मेला होता. मी त्याला माझा घोडा धरायला सांगितलं. दुसरा एक जण पायी होता, त्याला नाही सांगितलं. यालाच सांगितलं. तुझ्याशी बोलायचो ना, तसं."

गीताबाई कप घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

"मंग?" रंभाजी म्हणाला. "धरला का ह्यानं?"

"नाही."

"न्हाई म्हनला? तुमाला?"

"हो."

रंभाजी मुलाकडे पाहत राहिला. मग पेपरची घडी घालत, खाली बघून म्हणाला, "मी धरला आसता, सायेब. इचारलंबी नसतं."

दोन आठवडे काकासाहेब माफीचं एक वाक्य घोकत होते. ते सचिनसाठी होतं. आता कळलं की ते भलत्याच माणसासाठी तयार केलं होतं, आणि ज्याचं होतं त्याच्यासमोर त्यांच्या तोंडून ते निघेना. गीताबाईंनी कप पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "चहा छान झालाय." त्यांनी तो अजून तोंडालाही लावला नव्हता.

सचिन त्यांना मोटारसायकलवरून सोडायला निघाला. एमआयडीसीच्या रस्त्याने ट्रक धुरळा उडवत चालले होते. काकासाहेबांनी मागचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता.

"ओव्हरटाइम होता का खरंच?"

"एका रविवारी होता."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या नव्हता," सचिन म्हणाला. "पण बाबांपुढे सांगायला नको होतं, सर."

"तू माझ्यासाठी खोटं बोललास. मला ते..."

"तुमच्यासाठी नाही बोललो. त्यांच्यासाठी बोललो." सचिनने मान किंचित वळवली. "मी तुमच्या शेजारी बसून खेळतो, हे ते गल्लीत सगळ्यांना सांगतात. पोरगा सायेबाच्या बरोबरीनं बसतो म्हणून. आता नाही सांगणार."

काकासाहेबांना वाटलं, गाडी थांबवावी आणि उतरून कुठेतरी चालत सुटावं. खरं बोललो याचं तासाभरापूर्वी जे थोडं बरं वाटलं होतं, तेही गेलं. मन आपलं हलकं झालं होतं, आणि ओझं रंभाजीच्या ओट्यावर ठेवून ते निघून आले होते.

प्रेमदान चौकात ते उतरले. "मी परत येईन," ते म्हणाले. "रंभाजीला सांग."

"मी नाही सांगणार," सचिन म्हणाला. आवाजात राग नव्हता. "या आणि तुम्हीच बोला. घर आता माहीत झालंय."

"बोलता येईल का रे मला?"

"ते मला काय विचारता, सर?" त्याने गाडी वळवली. "खेळात तर चांगलं बोलता."

काकासाहेब घराकडे चालू लागले. 'रंभाजी, माझं चुकलं.' त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं. रणधवलच्या खणखणीत आवाजात म्हणून पाहिलं, तेव्हा समोरून येणाऱ्या एका पोरीने वळून बघितलं. मग ते नुसते ओठ हलवत चालले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत दहा वेळा म्हणून झालं होतं, आणि एकदाही ते त्यांचं स्वतःचं वाटलं नव्हतं. ते थांबले, चष्मा पुसला आणि अकराव्यांदा सुरुवात केली.