तारीख नसलेल्या सह्या

या, जरा जवळ सरकून बसा. बुवा अभंगाचं निरूपण संपवून आख्यान लावतात ना, तसं एक सांगतो. देवादिकांचं नाही, आमच्या सावली गावच्या रंजीताचं.

रंजीता विद्यापीठात पीएच.डी. करते. आमच्या बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, न पेरता उगवणाऱ्या देवधान या रानभातावर तिचं संशोधन. परीक्षा देऊन फेलोशिप मिळवली, पण ती आपोआप खात्यात पडत नाही. दर महिन्याला मार्गदर्शकांनी 'विद्यार्थिनी हजर, काम चालू' अशा फॉर्मवर सही केली की पैसे सुटतात. त्यातूनच खोलीचं भाडं, रसायनं आणि विद्यापीठाची फी. गावात मात्र म्हणत, सरकार रंजीताले शिकाचा पगार देते, मजा आहे बुवा.

यंदा तिचे मार्गदर्शक श्रावण सर आजारपणात गेले. नवे मार्गदर्शक समितीच्या बैठकीत ठरणार, आणि बैठक कधी ते कोणालाच ठाऊक नाही. फेलोशिप थांबली. फीची मुदत बारा दिवसांवर. उसनं आणून फी भरता आली असती, पण त्या फॉर्मवरही मार्गदर्शकांचीच सही लागते. मुदत चुकली तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात.

तेरवीचं कीर्तन आटोपल्यावर सरांच्या पत्नी रुखमाबाईंनी तिला आत बोलावलं, तिच्याबरोबर गावाहून आलेल्या मलाही. पाकिटातून सहा फॉर्म काढले. पाच महिन्यांचे, एक फीचा. प्रत्येकावर सरांची थरथरती सही, तारखेची जागा कोरी. पोरीचं अडू नये म्हणून दवाखान्याच्या खाटेवर केलेल्या.

मी लगेच म्हणालो, गुरूचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये.

रंजीताने एकेक कागद उलटून पाहिला. "भाऊ, तारीख तं मले टाकावी लागन. सर गेल्यानंतरची. त्या महिन्यात सरांनी माझं काम पाह्यलं, असं कसं लिहू?"

"आपण राहत नाई हे त्यायले मालूम होतं," रुखमाबाई म्हणाल्या. "म्हणून तं केल्या सह्या. तू काऊन नाई म्हणून राह्यली?"

"जे मोजलं नाई ते वहीत लिहाचं नाई, हे त्यायनंच शिकवलं, काकू."

मी खाली पाहिलं. इतकी वर्षं कीर्तनं ऐकून पहिला शब्द माझ्या तोंडून कोणता निघाला!

ती कागद फाडणार, तोच रुखमाबाईंनी हात धरला. शेवटच्या सह्या त्या. मग तिने प्रत्येक फॉर्मवर आडवी रेघ मारून ते त्यांच्या ओटीत ठेवले. बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

रंजीताने मुदतवाढीचा अर्ज दिला. विभागप्रमुख म्हणाले, वर पाठवतो. मुदतीचा दिवस उलटला, उत्तर नाही. त्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात लोंब्या गोळा करत होती. देवधान पिकलं की गळतं, बैठकीसाठी थांबत नाही.

त्या अर्जाचा निकाल अजून आलेला नाही. तुमच्याकडे आरतीला हात जोडाल, तेव्हा रंजीताचं नाव एकदा मनात घ्या. आणि रुखमाबाईंचंही. त्या तिच्याशी अजून बोलत नाहीत.