स्लेमेकरांचा दगड

मित्रांनो, मी एक जुना, भित्रा दगड आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणाल; पण आधी ऐका तर.

फार वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका गिरणीत यंत्रं बसवायला विलायतेहून एक साहेब आला. इथल्या तापाने त्याची चिमुकली लेक गेली. पाथरवटाने तिचं नाव, आडनाव आणि वय माझ्यावर कोरलं आणि मला तिच्या थडग्याच्या उशाशी उभं केलं. साहेब रोज येऊन अक्षरांवरून बोट फिरवायचा. पुढे तो मायदेशी परतला आणि तिचं नाव माझ्या हवाली राहिलं.

एका पावसाळ्यात मी आडवा पडलो. कुणीतरी मला गाडीत घालून वस्तीत आणलं आणि माझा धुण्याचा दगड केला. अक्षरांची बाजू मुद्दाम वर ठेवली, कारण खरबरीत दगडावर मळ चांगला निघतो. त्या घरच्या बजाबाईंनी ब्रश उचलला की मी मनात म्हणायचो, आज कुठलं अक्षर जाणार?

गेल्या वर्षी घरात न्हाणी बांधायची ठरली. शिवू गवंडी घण घेऊन आला.

"ह्यो फोडून खाली भर घालतो," तो म्हणाला. माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात बजाबाईंची सून सई वाकली. ती शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्यावर पाणी ओतून तिने वाचलं, "स्लेमेकर. वय वर्षं तीन. कुणा लेकराच्या थडग्यावरचा दगड आहे हा." मग तिने मोबाइलवर शोधलं आणि सासरे गुरुसिद्धप्पांना म्हणाली, "मामा, हे आडनाव लई दुर्मीळ आहे. पूर्वी तिकडं मागाच्या फणीला स्ले म्हणायचे. ती बनवणारे ते स्लेमेकर."

गुरुसिद्धप्पांचा जन्म मागावरचे धागे वेगळे ठेवणाऱ्या फण्या दुरुस्त करण्यात गेलेला. ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

"म्हंजी आमच्याच धंद्यातलं लेकरू हाय की. शिवू, घण ठेव खाली."

"मग मी धुणं कुटं धुवू?" बजाबाई म्हणाल्या.

शिवूने घण खाली ठेवला. गुरुसिद्धप्पांनी विचारलं, "लेकराचं नाव काय व्हतं?"

सईने आडनावाच्या आधीच्या जागेवर बोटं फिरवली. तिथे सगळं गुळगुळीत होतं. बजाबाईंनी हातातला ब्रश हळूच पदराआड धरला.

आता मी भिंतीला टेकून उभा आहे. खंडेनवमीला अवजारं पुजताना फणीसोबत मलाही हळदकुंकू लागतं. तरी माझी भीती जात नाही. मित्रांनो, जुना दगड दिसला तर घासण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा. आडनावाचा अर्थ मोबाइलवर सापडला. त्या पोरीचं नाव मात्र माझ्यापाशीच होतं, आणि आता ते मलाही आठवत नाही.